पुष्करला जाताय? आधी ठरवा : जनावरांचा मेळा की कार्तिकी स्नान

वाळूवाट

राजस्थानातल्या पुष्करला जायचंय म्हणणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारते, की जनावरांच्या मेळ्याला जायचंय की स्नानाला? हे दोन वेगळे मेळे आहेत, हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. फोटोंत वाळूवरचे उंटांचे तांडे दिसतात, त्याच्या शेजारी घाटावरची गर्दी दिसते आणि आपण धरून चालतो की हे सगळं एकाच दिवशी बघायला मिळेल. तसं होत नाही. जनावरांचा बाजार कार्तिक शुद्ध पक्ष लागला की भरू लागतो आणि एकादशीपर्यंत त्यातले मोठे सौदे उरकलेले असतात. देवउठनी (आपली कार्तिकी) एकादशी ते पौर्णिमा हे पाच दिवस पंचतीर्थ स्नानाचे. तेव्हा राजस्थानभरातून, हरयाणातून, माळव्यातून माणसं लोटतात आणि उंटवाले तोवर परतीच्या वाटेला लागलेले असतात. पौर्णिमेला खास उंट बघायला आलेली आणि मोकळ्या मैदानात इकडेतिकडे विचारत फिरणारी मंडळी दरवर्षी असतात, असं तिथला चहावालाच सांगत होता.

आमच्या घरात दोन्ही पक्ष होते. सासूबाईंना स्नान हवं होतं, मुलांना उंट, नणंदेला घोडे. म्हणून नवमीला पोचायचं आणि द्वादशीला निघायचं असं ठरवलं. शेवटचे उंट आणि पहिलं स्नान, दोन्ही या बेतात बसतं. कुटुंब घेऊन जाणाऱ्यांना मी हाच बेत सुचवेन.

मुंबईहून अहमदाबाद, आबू रोड, मारवाड जंक्शन करत गाडी अजमेरला पोचते. अजमेर आणि पुष्करच्या मध्ये नाग पहाड आहे. अंतर पंधरा किलोमीटरच्या आतलंच, पण घाटरस्ता आहे आणि मेळ्याच्या दिवसांत मोठ्या गाड्या गावाबाहेरच थांबवतात. तिथून पुढे चालायचं. सामान कमी ठेवा आणि ज्येष्ठ सोबत असतील तर वाळूवरच्या तंबूंच्या मोहात न पडता सरोवराजवळच्या गल्लीत खोली बघा. आम्ही तसंच केलं. भाडं नेहमीच्या कितीतरी पट द्यावं लागलं, पण सासूबाई पहाटे स्वतःच्या पायांनी घाटावर जाऊन परत येऊ शकल्या. त्या पैशांचं मला जराही वाईट वाटत नाही.

आता मैदान. सकाळी सूर्य वर यायच्या आत जा. रात्री चांगलीच थंडी पडते, त्यामुळे पहाटे सगळीकडे शेकोट्या पेटलेल्या असतात आणि त्या धुरात उंटांच्या माना तेवढ्या वर दिसतात. आम्ही उंट पाळणाऱ्या राईका समाजातल्या एका आजोबांच्या डेऱ्याजवळ बराच वेळ बसलो. लाल फेटा, पांढरी अंगरखी, कानात सोन्याच्या बाळ्या. त्यांचा मुलगा एका तरुण उंटाच्या पाठीवर कात्रीने नक्षी कातरत होता. उंट खाली बसवलेला आणि पुढचा एक पाय गुडघ्यात दुमडून दोरीने बांधलेला, म्हणजे तो उठत नाही. आधी सगळी लव सारखी करून घेतली, मग वेली, फुलं, मोर. रेघ आखायला काही नाही, सगळं नजरेच्या अंदाजाने. शेजारी त्यांच्या घरातली बाई उंटाच्या गळ्यात घालायचं गोरबंद नीट करत होती, कवड्या आणि रंगीत लोकरीचे गोंडे लावलेलं. माझ्या लेकीने तिला खुणेनेच विचारलं, आणि तिने एक सुटा गोंडा लेकीच्या हातात देऊन तो कसा ओवायचा ते दाखवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, काही अडलं नाही.

घोड्यांच्या बाजूला वेगळीच लगबग असते. मारवाडी घोड्याचे कान आत वळलेले असतात आणि टोकाला एकमेकांना टेकतात, ते जवळून बघताना नणंद हरखून गेली. गिऱ्हाईक आलं की मालक घोडा चालवून दाखवतो, दात दाखवतो, अंगावरचे केसांचे भोवरे दाखवतो. किंमत मात्र चारचौघांत कुणी बोलत नाही.

स्नानाबद्दल. सरोवराला बावन्न घाट आहेत, पण गर्दी मोजक्याच घाटांवर एकवटते : ब्रह्म घाट, गऊ घाट, वराह घाट. जरा पुढे चालत गेलं तर पायऱ्यांवर निवांत जागा मिळते आणि पाणी तेच असतं. चपला पाण्यापासून बऱ्याच लांब काढायच्या, घाटावर स्नान करणाऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत. हे नियम मनापासून पाळा, तिथे आलेल्या बायका लेकीसुनांसह उघड्यावर स्नान करत असतात. पूजा सांगायला कुणी पुढे आलं तर संकल्प सोडण्याआधी दक्षिणेचा आकडा स्पष्ट बोलून घ्या. आम्हाला एकाने हातात फुलं दिली आणि मंत्र अर्ध्यावर आल्यावर कुटुंबाच्या प्रत्येक माणसामागे मोठी रक्कम मागितली. सासूबाईंनी शांतपणे फुलं पाण्यात सोडली, त्यांना वाटली तेवढी दक्षिणा ठेवली, नमस्कार केला आणि उठल्या. त्याने पुढे वाद घातला नाही.

सासूबाई एरवी कार्तिकीला पंढरपुरात असतात. या वर्षी एकादशीच्या पहाटे पुष्करच्या पाण्यात उभं राहून त्यांनी आधी विठ्ठलाचं नाव घेतलं, मग ब्रह्मदेवाचं. शेजारी नागौरकडच्या बायका हरजस, म्हणजे त्यांच्याकडची भजनं, म्हणत होत्या. त्या थांबल्यावर सासूबाईंनी काकड्यातला एक अभंग म्हटला, मग त्या बायकांनी पुढचं भजन, मग पुन्हा सासूबाईंनी. थंडीने ओठ निळे पडले तरी कुणी बाहेर येईना.

ब्रह्मदेवाच्या देवळात एकादशीपासून रांग फार मोठी असते, म्हणून आम्ही दर्शन नवमीलाच संध्याकाळी उरकलं. चारमुखी मूर्ती, शिखर लाल, दारावर हंस. जमिनीतल्या संगमरवरात भाविकांनी नावं कोरून बसवलेली चांदीची नाणी आणि गाभाऱ्यासमोरचं चांदीचं कासव मुलांना फार आवडलं. सावित्रीचं देऊळ टेकडीवर आहे. यज्ञाला सावित्री वेळेवर पोचली नाही म्हणून ब्रह्मदेवाने गुर्जरकन्या गायत्रीला शेजारी बसवलं, आणि सावित्रीने शाप दिला की तुझी पूजा फक्त इथेच होईल, अशी कथा आहे. २०१६पासून तिथे रोपवे आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही वर जाता येतं. वरून एका बाजूला सरोवर, दुसऱ्या बाजूला वाळू, आणि मेळा केवढा पसरलाय ते एका नजरेत कळतं.

खाणं : कढी-कचोरी सकाळी, रबडी-मालपुवा कधीही. गुलाबाची शेती आजूबाजूलाच असल्याने गुलकंद घरी आणण्यासारखा. गावात मांस, अंडी, दारू बंद.

ज्यांनी पाहिलंय त्यांनी भर घालावी, जाणार असाल तर विचारा.

कुतूहल

वाचनखूण साठवली. सगळ्यात जास्त तो गोंड्याचा प्रसंग आवडला.

प्रश्न आहे. आईला चाकाच्या खुर्चीशिवाय फार चालता येत नाही. तिची पुष्करच्या स्नानाची फार वर्षांची इच्छा आहे. मेळ्यात नेणं शक्य आहे का, की हट्ट सोडावा?

रेल्वेवाली

माझ्या यजमानांची नोकरी अजमेरच्या रेल्वे कारखान्यात होती, त्यामुळे संसाराची बरीच वर्षं अजमेरला गेली. वाळूवाटताईंनी मेळ्याची जी फोड केली आहे ती अगदी बरोबर. आमच्याकडे पाहुणे यायचे तेव्हा मीही हेच सांगायचे.

थोडी भर. २०१२पासून अजमेर-पुष्कर रेल्वेमार्ग आहे. गाड्या फार नाहीत, तरी चौकशी करून ठेवा. मेळ्यात गावात खोली मिळाली नाही तर अजमेरला आनासागर तलावाच्या आसपास राहून पहाटे निघणं हा चांगला पर्याय आहे. मात्र एकादशीला आणि पौर्णिमेला घाटरस्ता तुंबतो, त्या दिवशी उजाडायच्या आत पुष्करला पोचायला हवं.

सरोवराबद्दल एक सांगावंसं वाटतं. २००९चा मेळा मी पाहिला आहे. गाळ काढण्याचं काम झालं, पुढे पाऊस नीट पडला नाही, आणि कार्तिकात सरोवर जवळजवळ कोरडं होतं. भाविकांनी घाटाशी बांधलेल्या लहान कुंडांत स्नान केलं. म्हाताऱ्या बायका पायऱ्यांवर बसून रडताना पाहिल्या. तेव्हापासून मी जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते की निर्माल्य, दिव्यांचे द्रोण, साबण यातलं काही पाण्यात टाकू नका. ते पाणी आजूबाजूच्या डोंगरांवर पडलेल्या पावसाचं आहे. तिथे गंगा वाहत नाही की सगळं पुढे नेईल.

निळा_आकाशकंदील

पौर्णिमेची गर्दी टाळावी असा सूर लागतोय, तो मला पटला नाही. आम्ही पौर्णिमेलाच गेलो होतो, आणि उंट नव्हते याची काहीच खंत नाही. पहाटे तीनपासून माणसं पाण्याकडे सरकत होती. डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, एका दोरीला धरून चालणारी अख्खी गावं. आपल्याला पंढरपूर, त्र्यंबकेश्वर माहीत आहे, तरीही हे बघावं. कारण तिथे येणारा माणूस बहुतेक शेतकरी, पशुपालक. त्याचा वर्षाचा हिशेब या स्नानाशी बांधलेला असतो. जनावर विकून आलेला पैसा, त्यातून बायकोला घेतलेल्या बांगड्या, पोराला घेतलेली चप्पल, आणि शेवटी स्नान. बाजार आणि तीर्थ ही त्याच्यासाठी एकच गोष्ट आहे.

वाळूवाट

@निळा_आकाशकंदील, पौर्णिमा वाईट असं म्हणायचं नाही. लहान मुलं आणि ज्येष्ठ सोबत असताना पौर्णिमा जपून निवडा एवढंच. एकादशीलाच गऊ घाटाजवळ माझा भाचा हात सुटून हरवला होता. ध्वनिक्षेपकावर हरवलेल्यांची नावं सतत पुकारत असतात. तिथल्या चौकीत गेलो तर हा आधीच तिथे बसलेला, एका पोलीसदादाने दिलेलं केळं खात. त्याच्या खिशात आम्ही नाव, आमचा फोन आणि राहण्याच्या जागेचं नाव हिंदीत लिहून ठेवलं होतं आणि हरवलास तर खाकी कपडेवाल्याकडे जा हे पढवलं होतं. त्याने तसंच केलं. गर्दीत फोनचं नेटवर्क मिळत नाही, त्यामुळे भेटायची जागाही आधी ठरवा, आणि ती घाटावरची नको.

तुम्ही बाजार आणि तीर्थ एकच असं म्हणालात ते मात्र मनात राहिलं. त्या राईका आजोबांनी आमच्या देखत दोन उंट विकले, आणि पैसे मोजून झाल्यावर पहिलं वाक्य होतं : आता ग्यारसचं न्हाण करून घरी. ग्यारस म्हणजे एकादशी.

तापीकाठचा

घोड्यांचा परिच्छेद वाचून लिहायला बसलो. आमचं गाव शहादा तालुक्यात. आमच्याकडे सारंगखेड्याला दत्तजयंतीला यात्रा भरते, एकमुखी दत्ताचं देऊळ आणि तापीच्या काठावर घोडेबाजार. दिवाळीच्या सुमारास अकलूज, कार्तिकात पुष्कर, मार्गशीर्षात सारंगखेडा असा घोडेवाल्यांचा फेरा असतो. राजस्थानचे व्यापारी आमच्याकडे दरवर्षी येतात. एका मारवाडच्या व्यापाऱ्याशी वडिलांची इतकी ओळख की लग्नकार्याला निरोप जातो.

भोवऱ्यांचं तुम्ही लिहिलंत ते आमच्याकडेही तसंच. गळ्यावर देवमण नावाचा भोवरा असेल तर घोड्याला मोल चढतं. चारी पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा असेल तो पंचकल्याणी, त्याच्याभोवती तर माणसांचं कोंडाळंच. पुष्करला जमलं नाही तर सारंगखेड्याला या. पोरांना घोडे बघायचे असतील तर एवढ्या लांब जायची गरज नाही, मुक्कामाला आमचं घर आहे.

हिरवा_चारा

मी पशुवैद्यक आहे. उंटांबद्दल लिहितो, कारण मेळ्यात उंट कमी दिसले तर त्यामागे तिथीपेक्षा मोठं कारण आहे.

२०१२च्या पशुगणनेत देशात सुमारे चार लाख उंट होते. २०१९च्या गणनेत अडीच लाख. सात वर्षांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घट. उरलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक राजस्थानात. राजस्थानने २०१४मध्ये उंटाला राज्यपशू केलं आणि २०१५मध्ये कायदा करून कत्तलीवर बंदी घातली, राज्याबाहेर नेण्यावरही निर्बंध आणले. हेतू चांगला होता. पण राईका समाज पूर्वापार मादी विकत नसे. तो नर पिल्लं पुष्करसारख्या मेळ्यात विकायचा आणि त्यावर वर्ष काढायचा. परराज्यातलं गिऱ्हाईक येईनासं झालं तसे भाव कोसळले. शेतात ट्रॅक्टर आला, गाड्याला जुंपायला उंट नको झाला, गायरानं आणि ओरण आक्रसली. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, आपल्याकडच्या देवराईसारखं. चारा नाही, भाव नाही, मग मुलगा उंटामागे कशाला जाईल? तो सुरतेला किंवा पुण्याला कामाला जातो. उंटिणीच्या दुधाला बाजार मिळवून द्यायचे प्रयत्न चालू आहेत, ते वाढायला हवेत.

२०२२मध्ये गुरांच्या लंपी या त्वचारोगाच्या साथीमुळे पुष्करचा पशुमेळा भरलाच नाही, फक्त धार्मिक मेळा झाला. धाग्यात म्हटलेले दोन मेळे त्या वर्षी खरोखरच वेगळे झाले. स्नानाची गर्दी झाली, पण ज्याचं वर्षाचं उत्पन्न त्या आठवड्यावर होतं त्याच्या हाती काही लागलं नाही.

म्हणून विनंती : गेलात तर उंटवाल्याशी बोला, त्याच्याकडून गोरबंद, लोकरीची वस्तू, जे काही असेल ते घ्या, फोटो काढला तर आधी विचारा आणि काही द्या. गेलात नि नुसते फोटो काढून आलात असं करू नका.

जुनी_बखर

मराठी माणसाने पुष्करला गेल्यावर आणखी एक गोष्ट आठवावी. १७५५मध्ये जयाप्पा शिंदे यांचा नागौरच्या वेढ्यात दगा करून खून झाला. त्याची भरपाई म्हणून जोधपूरच्या विजयसिंहाने अजमेर मराठ्यांना दिलं, याला तिकडे मुंडकटी म्हणतात. मधले काही काळ सोडले तर १८१८मध्ये इंग्रजांकडे जाईपर्यंत अजमेर शिंद्यांकडे होतं. ब्रह्मदेवाच्या ज्या देवळाचं वर्णन वर आलंय त्याचा जीर्णोद्धार १८०९मध्ये शिंद्यांचे मंत्री गोकुळचंद पारेख यांनी केला. वराह मंदिर मात्र जयपूरच्या सवाई जयसिंहांनी १७२७मध्ये पुन्हा उभारलेलं.

जयाप्पांच्या मृत्यूनंतर दत्ताजी शिंद्यांनी वेढा सोडला नाही. भाऊ गेला आणि मोहीम चालूच ठेवली. पुढे चार-साडेचार वर्षांत दिल्लीजवळच्या बुराडी घाटावर दत्ताजीही पडले. अजमेरच्या रस्त्याने जाताना हे घराणं आठवलं की मला ऊर भरून येतो.

पायघोळ

लहान मुलांसाठी : मेळ्याच्या मुख्य मैदानात मटका दौड, रस्सीखेच, मिशांची स्पर्धा, उंट सजावटीची स्पर्धा असं रोज काहीतरी असतं. दुपारच्या कार्यक्रमांसाठी लवकर जाऊन सावलीतली जागा धरा, दिवसा ऊन चांगलंच लागतं. टोपी, पाणी, आणि धुळीसाठी ओला रुमाल.

संध्याकाळी कालबेलियांचं, म्हणजे राजस्थानातल्या गारुडी समाजाचं, नृत्य असेल तर चुकवू नका. २०१०मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. या नृत्याच्या प्रसिद्ध कलावंत गुलाबो सपेरा यांना लोकांनी प्रथम ओळखलं ते याच मेळ्यात, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. २०१६मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जन्मल्यावर त्यांना जमिनीत पुरलं होतं आणि मावशीने बाहेर काढलं, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलंय. लेकीला घेऊन ते नृत्य बघताना मी हे तिला सांगितलं. ती नाच संपेपर्यंत जागची हलली नाही.

कुतूहल

सगळ्यांचे आभार. आईच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

रेल्वेवाली

कुतूहल, आईला जरूर न्या, पण मेळ्यात नको. गल्ल्या अरुंद आणि घाटाला उतरत्या पायऱ्या, खुर्ची गर्दीत पुढे सरकणार नाही आणि पाण्यापर्यंत जाणारही नाही. कार्तिक महिना सगळाच स्नानाला पुण्याचा मानतात. शुद्ध पक्ष लागायच्या आधी, वद्य पक्षात या. (तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे त्यांचा कार्तिक आपल्या आश्विन वद्यापासूनच लागतो. तिथी बघताना हे लक्षात ठेवा, नाहीतर पंचांगाचा घोळ होतो.) त्या दिवसांत सकाळी घाटावर मोजकी माणसं असतात. दोघांनी धरून चार पायऱ्या उतरवता येतात, तेही जमलं नाही तर वरच्या पायरीवर बसवून तांब्याने पाणी घाला. तिथल्या म्हाताऱ्या बायका असंच करतात.

वाळूवाट

रेल्वेवालीताईंचं उत्तर माझ्यापेक्षा नेमकं आहे. कुतूहल, फक्त एवढं जोडते : दिवाळीच्या सुट्ट्यांचे दिवस मधे येतात, अजमेरचं आरक्षण सुटल्या दिवशीच करा. आईंसाठी खालचा बर्थ मागा. पायऱ्यांवर शेवाळ असतं, कापडी तळव्याचे मोजे घालून उतरवा आणि कोरडे जाड कपडे, शाल वरच्या पायरीवर तयार ठेवा. आम्ही उतरलो होतो त्या गल्लीत तळमजल्यावरच्या खोल्या मिळतात, पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवते.

@तापीकाठचा, दत्तजयंतीला येतोय. नणंदेने सुट्टी टाकली आहे.